दुखऱ्या पायांची हजेरी

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की गंगापूरच्या आसपासच्या रस्त्यांवर पहाटेपासून वर्दळ सुरू होते. लासूरच्या रस्त्याला, वैजापूरच्या रस्त्याला, कायगावच्या दिशेला पोरंपोरी पळताना दिसतात. कोणाच्या पायात नवे बूट, कोणाच्या पायात शाळेतलेच जुने कॅनव्हास. हिशेब सगळ्यांना पाठ असतो. मैदानी चाचणी ५० गुणांची. त्यात मुलांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५ आणि ७.२६० किलोच्या गोळ्याचे १५. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आले तर पूर्ण २० गुण. त्यापुढे उशीर होईल तसे गुण कापले जातात. मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि ४ किलोचा गोळा. निम्मे गुण पडले नाहीत तर लेखी परीक्षेचं दारच उघडत नाही.

पहिल्याच आठवड्यात यातली बरीचशी पोरं लंगडायला लागतात आणि मग दोन प्रश्न पडतात. अंग दुखत असताना व्यायाम करायचा का? आणि आठवड्यातून किती दिवस करायचा? गावात याची दोन उत्तरं मिळतात. एक, फौजेतून निवृत्त होऊन मैदानावर फुकट शिकवणाऱ्या हवालदारांचं. दुसरं, वाळूजकडे दवाखाना चालवणाऱ्या नव्या फिजिओथेरपिस्ट मंडळींचं. ही दोन मतं इथे मामा आणि भाची म्हणून समोरासमोर बसवली आहेत. त्यांच्यात वाद मनमोकळा होतो, कारण नात्यात भीड कमी असते.

मामा: तुझा निरोप मिळाला. “ताईंनी पळू नको सांगितलंय.” ग्राउंड तोंडावर आलंय अन् तू पोरांना घरी बसवायली? अंग दुखतं म्हणून झोपून राहायचं असतं तं आमची अर्धी पलटण खाटेवरच राहिली असती.

भाची: मामा, कोणाला सांगितलं ते विचारलंत का? पाच जण आले होते. चौघांना मी म्हटलं, उद्या जा, फक्त हळू पळा. थांबवलं एकालाच.

मामा: चौघांचे पाय दुखत नव्हते?

भाची: पाचही जणांचे दुखत होते. पण चौघांच्या दोन्ही मांड्या भरून आल्या होत्या. सगळीकडे सारखं दुखणं. दाबलं की जास्त, चार पावलं चाललं की थोडं मोकळं. पाचव्याची एकच नडगी दुखत होती. कुठे दुखतं विचारलं तर त्याने एका बोटाने जागा दाखवली. पळायला लागलं की ते वाढतं, आणि आता रात्री पडल्या पडल्याही ठणकतं. चौघांचं दुखणं स्नायूंचं आहे, दोन-चार दिवसांत उतरेल. याच्या हाडाला बारीक चीर गेलेली असू शकते. त्यावर आणखी पळाला तर पंधरा दिवसांचं काम तीन महिन्यांवर जाईल.

मामा: नडगी तं सगळ्यांचीच दुखते. बेळगावला फौजेच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये आमच्या बॅचमध्ये नडगी न दुखलेला रिक्रूट दाखव म्हटलं असतं तं सापडला नसता.

भाची: आणि एमआय रूममध्ये, म्हणजे फौजेच्या दवाखान्यात, डॉक्टर काय करायचे?

मामा: लाइट ड्यूटीची चिठ्ठी द्यायचे.

भाची: मी तीच दिली. फौजेत चिठ्ठी देणारा डॉक्टर आवारातच असतो. तुमच्या मैदानावर तो नाही, म्हणून पोरं माझ्याकडे येतात.

मामा: हाडाचं सोड, ते मान्य. स्नायूचं बोल. माझा अनुभव असा हाये की दुखण्यावर दुखणंच औषध. पहिल्या दिवशी बैठका मारल्या, दुसऱ्या दिवशी संडासला बसता येत नाही. तव्हा जो घरी बसला, तो आठ दिवस आखडलेला राहतो. जो आला, थोडं पळाला, त्याचं अंग सुटतं. पायात ॲसिड साचतं, ते पळूनच जिरवायचं असतं.

भाची: अनुभव खरा आहे, कारण मात्र चुकलं. जोरात पळताना लॅक्टेट तयार होतं हे बरोबर, पण ते तास-दीड तासात रक्तातून निघूनही जातं. दुखणं तर दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतं. १९०२ साली थिओडोर हॉफ नावाच्या अमेरिकन संशोधकाने सरळ मांडलं होतं की हे उशिरा येणारं दुखणं स्नायूच्या आतल्या बारीक इजेचं असावं. सव्वाशे वर्षं झाली तरी ॲसिडची गोष्ट काही मैदानावरून हटत नाही.

मामा: इजा म्हणजे फाटतं का काय?

भाची: डोळ्याला दिसणार नाही इतक्या बारीक पातळीवर. देवगिरी किल्ला चढला आहात ना? चढताना छाती भरून येते, पण चढण्याने मांड्या तेवढ्या दुखत नाहीत. दुसऱ्या दिवशी जिन्याला हात धरून उतरावं लागतं ते किल्ला उतरल्यामुळे. उतरताना स्नायू लांब होत होत वजन पेलतो, ब्रेकसारखा. त्या ताणात स्नायूतले बारीक धागे विस्कटतात. शरीर डागडुजीला लागतं, तिथे सूज येते आणि ती दुखते. बैठकीतही तसंच. वर येण्यापेक्षा सावकाश खाली जाणं जास्त दुखवतं.

मामा: मंग डागडुजी होईस्तोवर बसायचं?

भाची: नाही. इथेच तुमचा अनुभव उपयोगी पडतो. दुखऱ्या अंगाला हलक्या हालचालीने आराम मिळतो, हे संशोधनातही दिसलं आहे. तो आराम तात्पुरता असतो, पण असतो. दुसरं म्हणजे, तेच काम एकदा केलं की पुढचे काही आठवडे तेवढ्याच कामाने स्नायू तेवढा दुखत नाही. पहिल्या दिवशी २०० बैठकांनी जो आडवा झाला, तो महिन्याने २०० मारून गप्पा मारत घरी जातो. म्हणून दुखणं आलं की पळ काढायचा नाही, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी अडते ती एका शब्दावर. तुम्ही म्हणता “पळा”. मी म्हणते “हळू पळा”.

मामा: हळू पळून ५ मिनिटं १० सेकंद येतं का?

भाची: ज्या दिवशी पाय मोकळे असतात त्या दिवशी जोरात पळून येतं. दुखऱ्या पायात ताकद खरंच कमी झालेली असते. नुसती भीती नसते ती. मांड्या भरलेल्या असताना १०० मीटरची स्प्रिंट मारली तर वेळ वाईट येते, पाऊल वेडंवाकडं पडतं आणि मांडीच्या मागची शीर धरते. त्या पोराने त्या दिवशी कमावलं काय? नापास वेळ आणि लचक.

मामा: तुमच्या पुस्तकात जिद्दीला जागा आहे का नाही? खाशाबा जाधवांचं बघ. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा माणूस. १९४८ ला लंडनला सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकलं. अन् त्या पठ्ठ्यानं ब्राँझ आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक! तो काय अंग दुखतं म्हणून तालीम चुकवत असंल?

भाची: त्याच हेलसिंकीची पुढची गोष्ट सांगा ना. जपानच्या शोहाची इशीबरोबर दमवून टाकणारी कुस्ती झाली. त्यानंतर नियमाप्रमाणे अर्धा तास विश्रांती मिळायला हवी होती. पण लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावलं, आणि खाशाबांच्या बाजूने भांडायला तिथे आपला एकही अधिकारी हजर नव्हता, असं सांगतात. ती कुस्ती ते हरले. इशीने सोनं नेलं. जिद्द तर तीच होती. कमी पडला तो अर्धा तास.

मामा: (हसून) माझंच घोडं माझ्यावर सोडलंस. बरं, अविनाश साबळे घे. हा तं आपल्या मराठवाड्याचा. आष्टी तालुक्यातलं मांडवा. लहानपणी शाळेला रोज मैलोन् मैल पायी. बारावीनंतर फौजेत, महार रेजिमेंट. अन् २०२४ ला पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत. रोज पळाल्याशिवाय होतं का हे?

भाची: होत नाही. पण काय पळाल्याशिवाय? शाळेची वाट तो स्पर्धेच्या वेगाने गेला असेल का? वर्षानुवर्षं रोजचं, दम न लागणारं चालणं-पळणं. त्यातून हाडं, शिरा, काळीज सगळं सावकाश घट्ट होत गेलं. फौजेतला पळणारा त्यावर उभा राहिला. जगभरातले लांब पल्ल्याचे धावपटू आठवड्यातलं बहुतेक पळणं बोलत बोलत पळता येईल अशा वेगाने करतात. जोराचे दिवस दोन, फार तर तीन. तुमच्या मैदानावर उलटं चालतं. रोज १६०० मीटर, रोज जोरात, रोज मोबाईलवर वेळ. रोजच परीक्षा घेतली तर अभ्यास कधी करायचा?

मामा: पोरांना वेळ बघितल्याशिवाय हुरूप येत नाही.

भाची: आठवड्यातून एकदा बघा. शनिवारी. बाकीचे दिवस मोबाईल पिशवीत.

मामा: अन् एक दिवस पूर्ण सुट्टी? तेवढ्यात पोरगं खाली येतं. एक दिवस चुकला की आठ दिवसांची कमाई गेली, असं आमचे उस्ताद म्हणायचे.

भाची: एका दिवसाने काहीच जात नाही. दम उतरायला साधारण दोन आठवडे पूर्ण बसून राहावं लागतं, ताकद तर त्याहून जास्त टिकते. मामा, तुम्ही शेती करता. रात्री दणकून पाऊस झाला, सकाळी नांगर घालता का?

मामा: वाफसा आल्याशिवाय कोण घालतं? ढेकळं निघतील.

भाची: स्नायूलाही वाफसा लागतो. जोराच्या व्यायामानंतर नवा स्नायू बांधायचं काम एक-दोन दिवस आतमध्ये वेगाने चालू असतं. पोरगं मजबूत होतं ते मैदानावर नाही, त्यानंतरच्या जेवणात आणि झोपेत. मैदानावर फक्त हुकूम निघतो.

मामा: मंग किती दिवस? एकदा आकडा सांग. पोरांना आकडा लागतो.

भाची: आकडे आहेत. नोकरदार माणसाला तब्येत राखायची असेल तर जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम चालीचा व्यायाम आणि किमान दोन दिवस ताकदीचा. भरतीच्या पोराला याहून जास्त लागेल. पळणं पाच-सहा दिवस चालेल, पण त्यात जोराचे दोन. बैठका, जोर, गोळ्याची ताकद आठवड्यातून दोन-तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. संशोधनात असंही दिसलं आहे की आठवड्याचं एकूण काम सारखं असेल तर ते दोन दिवसांत वाटलं की चार दिवसांत, स्नायूच्या वाढीत फार फरक पडत नाही. तेव्हा “किती दिवस” हा प्रश्न वाटतो तेवढा मोठा नाही. एकूण किती आणि किती लवकर वाढवलं, यावर खरं काम अडतं.

मामा: लवकर म्हणजे?

भाची: वर्षभर मैदान रिकामं असतं. जाहिरात निघाली की सोमवारी शंभर पोरं. त्यातला कोणी महिनोन् महिने पळालेला नसतो. पहिल्या दिवशी पाच किलोमीटर, वर २०० बैठका, वर डांबरी रस्ता. दम आठवड्याभरात वाढल्यासारखा वाटतो, म्हणून पोरगं अजून वाढवतं. स्नायू दोन-तीन आठवड्यांत सावरतो. हाडाला महिने लागतात. मधल्या काळात पोराला वाटतं आपण तयार झालो, आणि तेव्हाच नडगी जाते.

मामा: जाहिरात कधी निघंल ते सरकारला तरी माहीत असतं का? दोन-दोन वर्षं निघत नाही, मंग अचानक निघते. पोरगं वर्षभर कशाच्या भरवशावर पळंल? घरचे म्हणतात, कामाला जा.

भाची: मला कामाचंच बोलायचं होतं. तुम्ही ज्याला आळशी म्हणता तो उंच पोरगा, रोज सरावात शेवटी राहतो तो.

मामा: त्याच्यात दम आहे, पण मनच नाही. दुसऱ्या फेरीतच मान टाकतो.

भाची: तो वाळूज एमआयडीसीत कंत्राटावर आहे. तिसरी पाळी. रात्रभर आठ तास उभा राहून माल उचलतो. सकाळी कंपनीची बस उतरवते तशी बॅग घेऊन तुमच्याकडे येतो. तुम्ही त्याला दोन फेऱ्या जादा देता. घरी जाऊन पत्र्याच्या खोलीत दुपारी चार तास झोपतो, तेही उन्हात. त्याचं अंग तुमच्या सरावाने दुखत नाही, मामा. ते दुखतच मैदानावर येतं.

मामा: त्यानं सांगितलं नाही मला.

भाची: तुम्ही विचारलं नाही. आणि तो सांगणारही नाही, कारण दुखतं म्हणणाऱ्याला तुमच्या मैदानावर काय म्हणतात ते त्याने ऐकलंय. वेचणीच्या दिवसांत पोरी सकाळी आठशे मीटर पळतात आणि मग दिवसभर कापसात वाकून असतात. अद्रक काढणीला गेलेल्या पोराची कंबर संध्याकाळी ताठ असते आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही त्याच्या हातात गोळा देता. स्नायूला शेतातलं वजन आणि मैदानावरचं वजन वेगळं कळत नाही. पुस्तकातलं वेळापत्रक शहरातल्या खुर्चीवर बसणाऱ्या माणसासाठी असतं. त्याचा सुट्टीचा दिवस सुट्टीचा असतो. आपल्या पोराचा सुट्टीचा दिवस म्हणजे दहा तास शेतात. चोवीस तासांत अंगावर एकूण काय पडलं, ते मोजल्याशिवाय “रोज पळा” म्हणणं चूक आहे आणि “तीन दिवस पळा” म्हणणंही चूक आहे.

मामा: म्हणजे तुझी पुस्तकंही चुकली.

भाची: पुस्तकं अर्धीच आपल्या कामाची.

मामा: मंग आता माझं ऐक. विश्रांती विश्रांती म्हणतेस, ती परवडायला पाहिजे. त्या तिसऱ्या पाळीच्या पोराला तू सांगशील, झोप पूर्ण कर. पाळी सोडली तं घरात पैसा नाही. सराव सोडला तं वर्दी नाही. त्याच्यापुढं आराम हा पर्यायच नाही. त्याला माझ्या मैदानावर फक्त एक गोष्ट मिळते. अंग नाही म्हणत असताना उभं राहायची सवय. ती सवय मी मोडू देणार नाही.

भाची: सवय ठेवा. त्याच्या दोन जादा फेऱ्या काढा. पाळी चालू असलेल्या आठवड्यात त्याचा जोराचा सराव एकच ठेवा, पाळी बदलली की दोन. बाकीचे दिवस त्याने यावं, पंधरा-वीस मिनिटं हलकं पळावं, गोळा टाकायची पद्धत बघावी, घरी जाऊन झोपावं. गोळ्याला १५ गुण आहेत आणि त्यातला मोठा भाग ताकदीपेक्षा पद्धतीवर मिळतो. ती शिकायला अंग मोडावं लागत नाही.

मामा: अन् खाणं? तू दवाखान्यात डबे लिहून देतेस म्हणे. पावडरी?

भाची: पावडरीचं नावही घेतलं नाही. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं, १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५च्या आसपास, तेवढ्याच हरभऱ्यात २० ला थोडी कमी. इतका सराव करणाऱ्या ६० किलोच्या पोराला दिवसाला ८५ ते १०० ग्रॅम लागतात. भाकरी, डाळ, मूठभर शेंगदाणे, भिजवलेले हरभरे, दूध, जमली तर दोन अंडी, एवढ्यात जवळपास पोचतं. पण पोरं सकाळी उपाशीपोटी पळतात आणि अकरापर्यंत चहावर राहतात. त्याने दुखणं लांबतं.

आणि पोरींचं वेगळं सांगते, रागावू नका. ‘राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणा’च्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. त्यात वजन कमी करायचं म्हणून काही पोरी रात्रीची भाकरी सोडतात. पळणं जास्त, खाणं कमी. मग पाळी लांबते किंवा बंदच होते. पोरी म्हणतात, बरं झालं, कटकट गेली. पण ती धोक्याची घंटा असते. अशा पोरीचं हाड लवकर चिरतं.

मामा: हे मी कसं विचारू त्यांना?

भाची: तुम्ही नका विचारू. महिन्यातून एकदा मी येते मैदानावर. पोरी माझ्याशी बोलतील.

मामा: ये. त्याला ना नाही. बरं, मालिश? आमच्याकडे हगाम्याच्या आधी मल्लाच्या अंगाला तासभर तेल चोळायचे. १९६१ साली पहिलं महाराष्ट्र केसरीचं अधिवेशन आपल्या औरंगाबादला भरलं, सांगलीच्या दिनकर दह्यारींनी किताब नेला. त्याच्या गोष्टी सांगणारे म्हातारे माझ्या लहानपणी तालमीत बसायचे. त्यांचं एकच म्हणणं: मेहनत जेवढी, तेवढी मालिश.

भाची: त्या म्हाताऱ्यांना विश्रांती कळत होती, बघा. तालमीत मेहनतीबरोबर मालिश होती, थंडाई होती, दुपारची झोप होती. तुम्ही त्यातली मेहनत तेवढी मैदानावर आणलीत. मालिशने दुखणं थोडं कमी होतं, हे तपासून पाहिलेलं आहे. उलट पळण्याआधी-नंतर नुसतं अंग ताणल्याने दुसऱ्या दिवशीचं दुखणं जवळपास कमी होत नाही. ताणा, अंग मोकळं ठेवायला चांगलंच आहे. दुखणं जाईल या आशेने नको.

मामा: अन् गोळी? पोरं मेडिकलवरून गोळी घेऊन येतात, मला माहीत आहे.

भाची: माहीत आहे तर आधी ती थांबवा. बाकी सगळ्यावर वाद घाला, यावर नको. दुखणं दाबायची गोळी खाऊन, कमी पाणी पिऊन, उन्हात पळणं म्हणजे किडनीवर घाव. शिवाय चिरलेल्या हाडाचं दुखणं दाबलं गेलं की पोरगं त्याच हाडावर पळत राहतं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटर पळताना पोरांचे जीव गेले आणि मग अंतर कमी करावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेल. ऊन अंगाची जिद्द बघत नाही.

आणखी एक खूण सगळ्यांना सांगून ठेवा. नव्या पोराने एका दिवशी अचानक शेकड्याने बैठका मारल्या, दुसऱ्या दिवशी मांड्या सुजून दगड झाल्या आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर ते साधं दुखणं नाही. स्नायू फुटून त्यातला ऐवज रक्तात उतरलेला असतो, तो किडनी बंद पाडू शकतो. मालिश नाही, शेक नाही, सकाळची वाट नाही. सरळ दवाखाना.

मामा: फौजेत शिक्षेच्या रगड्यात एकाचं असं झालेलं मी पाहिलंय. आम्हाला वाटलं कावीळ.

भाची: म्हणून म्हणते, शिक्षा म्हणून बैठका देणं बंद करा. उशिरा आलेल्याला दोनशे बैठका, हा तुमचा नियम.

मामा: मंग उशिरा येणाऱ्याला काय आरती ओवाळू?

भाची: गोळे उचलून आणायला लावा, मैदान झाडायला लावा. जो कालच पहिल्यांदा आला त्याच्याकडून दोनशे बैठका नका काढू.

मामा: (जरा वेळाने) बघ, तुझ्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट मला खटकते. दुखणं कुठलं, थांबायचं का नाही, हे पोरानंच ठरवायचं म्हटलं तं रोज निम्मे थांबतील. वीस वर्षांच्या पोराला पहाटेची थंडीसुद्धा नडगीत लागते. ठरवणारा बाहेरचाच पाहिजे.

भाची: आणि बाहेरच्यानेच ठरवायचं म्हटलं तर खरं दुखणारा शेवटपर्यंत बोलणार नाही. त्याच्या हाडातलं तुम्हाला बाहेरून दिसत नाही. पोराने सांगायचं, तुम्ही ठरवायचं. पण सांगणाऱ्याला हसायचं नाही.

मामा: सांगणार कधी? शंभर पोरं.

भाची: तुम्ही हजेरी घेता ना? नाव पुकारलं की पोरगं “हजर” म्हणतं. त्याऐवजी तीन गोष्टी सांगायला लावा. काल काम काय केलं, किती तास झोपला, कुठे दुखतं. एका वाक्यात. “सर, रात्रपाळी, चार तास, दोन्ही मांड्या.” तो हलक्या रांगेत. “सर, घरीच, आठ तास, काही नाही.” तो जोराच्या रांगेत. “सर, वेचणी, सहा तास, उजवी नडगी, एका जागी.” तो माझ्याकडे.

मामा: अन् खोटं बोलला तं?

भाची: हलक्या रांगेत यायला खोटं बोलेल तो शनिवारी वेळ देताना सापडेल. जोराच्या रांगेत जायला खोटं बोलेल त्याची मला जास्त काळजी. तुमच्या मैदानावर तेच जास्त आहेत.

मामा: दोन रांगा झाल्या की हलक्या रांगेतल्याला बाकीचे चिडवतील.

भाची: पहिल्या सोमवारी हलक्या रांगेच्या पुढे तुम्ही पळा. गुडघा दुखतोच आहे तुमचा.

मामा: माझा गुडघा तुला कोणी सांगितला?

भाची: मामींनी. दोन वर्षं झाली म्हणे, जिना उतरताना भिंत धरता.

मामा: बरं. सोमवारपासून बघू. पण एक लिहून ठेव. माझ्या मैदानावर यायचं म्हणजे रोज यायचं. आठवड्यातून तीन दिवस अन् चार दिवस हे मी ऐकणार नाही.

भाची: रोजच यायचं. पळायचं किती, ते हजेरीनंतर ठरेल.